वाघजाईच्या कातळावरची झालर

मंडळी, ऐका! आधी मोजू, गोष्ट मागून.

खाट — एक. खाटेवर वाकळ एक. खिडक्या दोन, एक पूर्वेला आणि एक उत्तरेला, दोन्हींना दारं नाहीत, कारण वारा खेळता पाहिजे असं डॉक्टरांनी सांगितलेलं. पाण्याचा तांब्या एक. थुंकीचा झाकणाचा डबा एक. शिवणयंत्र एक, त्याच्यावर पोतं टाकलेलं. मापाची टेप एक. गोळ्या दिवसाला नऊ, सुई एक. घरापासून त्या खोपीपर्यंत पावलं एकशे चाळीस. आणि माणूस एक — वय तेहेतीस, वजन चौतीस किलो.

झालं मोजून? आता प्रश्न विचारतो. देवाशी पैज लावता येते का?

हसू नका! नवस तर तुम्ही उघड बोलता — नातवाला नोकरी लागू दे, अकरा नारळ फोडीन. पण मनातल्या मनात? 'मी दहा मोजायच्या आत ही चिमणी उडाली, तर माझं काम होणार.' लावता की नाही? त्या खांबाजवळच्या मावशी मान हलवतायत. लावतात! मीही लावतो. आणि त्याला आपण श्रद्धा म्हणतो. दोघी एकाच लुगड्यात, ओळखायच्या कशा? तर मंडळी, त्यासाठी शिरणोशीला जाऊ.

शिरणोशी म्हणजे जावळीच्या डोंगरातलं तीस-बत्तीस उंबऱ्यांचं गाव. तिथली अनसूया उतेकर. शिवणकाम करायची. पंचक्रोशीतली सगळी पोलकी तिच्या हातची! नवरा वाशीला हमालीला. घरात सासू, जानकाबाई, अनसूया तिला आत्या म्हणायची. आणि लेक तेजू, चार वर्षांची. बोलकी! इतकी बोलकी, की दुपारी कोंबड्यांनी दुसरं घर बघावं!

अनसूयेला खोकला लागला. मग ताप. मग रक्त. क्षय. आता क्षय म्हटलं की सहा महिने गोळ्या घ्यायच्या आणि मोकळं व्हायचं, हे तुम्हाला माहीत आहे. पण हिचा तसला नव्हता. नेहमीच्या औषधाला न जुमानणारा निघाला. जिल्ह्याच्या डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं, "चोवीस महिने औषध. पहिले सहा महिने रोज सुई. सुईनं कानावर परिणाम होऊ शकतो. आणि मध्ये खंड पडला तर पहिल्यापासून सुरुवात — तेव्हा हे औषध लागू पडेलच असं नाही."

तिनं एकच विचारलं, "पोरगी जवळ कधी घेऊ?"

थुंकीत जंतू दिसेनासे झाले की घेता येईल, डॉक्टर म्हणाले. पण तेजूला आजोळी नेणारा मामा त्याहून कडक! म्हणाला, "अक्के, चोवीस महिने पुरे होत न्हाईत तोवर पोर धाडणार न्हाई. तू वाचलीस तर ती तुझी. न्हाईतर हायच आमची."

प्रेमानंच बोलला हो. पण असं बोलतात का! एसटीच्या खिडकीतून तेजू हात हलवत होती, आणि अनसूया तोंडाला पदर लावून पन्नास पावलांवर उभी.

म्हणजे लक्षात ठेवा — चोवीस महिने खंड पडता कामा नये. पडला तर लेक गेली.

अनसूयेला वेगळं ठेवलं ती खोप होती गावाच्या वरच्या अंगाला. तिच्यामागे वाघजाईची देवराई. देवराईचा कायदा तुम्हाला ठाऊक आहे — तिथलं काही आणायचं नाही! खाली पडलेली काटकीसुद्धा नाही. आणि जानकाबाई म्हणजे त्या कायद्याची पोलीस. एकदा बकरीच्या शिंगात देवराईतलं पान अडकून घरी आलं, तर बाई बकरीला घेऊन परत गेली! पान ठेवलं, बकरीकडून माफी मागितली — म्हणजे बकरीच्या वतीनं!

रोज सकाळी सरकारी दवाखान्याच्या आशाताई यायच्या, मंदाताई शेलार. समोर उभं राहून गोळ्या गिळवायच्या. "आ कर. जीभ वर. माझ्यापासून काय लपवतीस, मला तीन पोरं हायत." मग अनसूया उन्हाला बसायची. देवराईच्या कडेला एक काळा कातळ होता, त्याला टेकून.

पहिला महिना ती नुसती बसली. दुसऱ्या महिन्यात तिला कातळावर एक गोष्ट दिसली. राखेच्या रंगाची, दगडाला चिकटलेली, कडेला चुण्याचुण्या. पोलक्याच्या बाहीला झालर लावतात ना, तश्शी! शिंपीणच ती, बोटानं चुण्या मोजायला लागली. तांब्यातलं पाणी त्याच्यावर सांडलं. एकावन्न मोजेपर्यंत ती राख हिरवी झाली! कोवळी, पोपटी. बाई तोंडाला हात लावून बघत राहिली. ऊन तापलं, पुन्हा राख. दुसऱ्या दिवशी तिनं ओंजळभर पाणी मुद्दाम नेलं. म्हणाली, "झालरबाई, तू जिती हायस?"

आणि टेप काढली. आडवं माप — चार इंच दोन सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. शिंप्याला नि सुताराला विचारा. इथंच मंडळी, पैज लागली! मोठ्यानं काही बोलली नाही. मनात म्हणाली — आई वाघजाई, ही वाढली तर मी वाढणार. ही आहे तोवर मी आहे.

वाढते का? हिवाळाभर रोज मोजलं. एक धागाभर फरक नाही. इकडे सुया चालू. कानात रातकिडे बसल्यासारखा आवाज सुरू झाला, दिवसासुद्धा. फाल्गुनात एका रविवारी आजोळहून फोन आला. तेजू बोलत होती, आणि अनसूयेला नुसती खरखर. "फोन बिघडला, आत्या." जानकाबाई फोन घेऊन खालच्या दुकानात गेली. दुकानदारानं कानाला लावला, चार शब्द बोलला, परत दिला. "म्हातारे, फोन चांगला हाय."

जानकाबाई वर आली. फोन पदराखाली झाकून दारात थांबली. अनसूयेला तिच्या तोंडाकडं बघूनच कळलं.

डॉक्टरांनी सुई थांबवली. गेलेलं मात्र परत येत नाही, म्हणाले. उन्हाळा आला. झालर कोरडी ठक्क, कडेला तडकलेली. ती तरी मोजायची. चार इंच दोन सूत. चार इंच दोन सूत. रोज तेच!

मग पाऊस लागला. चार महिने कातळाकडं जाता येईना. आश्विनात उघडीप मिळाली, ती टेप घेऊन धावली — धावली कसली, बसत-उठत गेली. चार इंच पाच सूत! तीन सूत वाढ! बाई कातळाला गाल लावून रडली. त्याच महिन्यात थुंकीचा अहवाल स्वच्छ आला. वजन एकोणचाळीस. आता सांगा, तिची पैज खरी की खोटी? तुम्ही असता तर काय मानलं असतं?

घरी यायची तेव्हा सासूला सांगायची, "आत्या, झालर तीन सूत वाढली!" सासू म्हणायची, "वाढली तर काप की! गिऱ्हाइकाला कळतंय व्हय?" तिला वाटायचं शिवणाचं बोलतेय. सुनेला उत्तर ऐकू यायचं नाही. दोघी हसायच्या. मंडळी, असं हसणं कुणाच्या वाट्याला येऊ नये.

मार्गशीर्षात औषधाचा तेरावा महिना सरत आला. एके सकाळी अनसूया तपासणीला तालुक्याला निघाली, आणि जाता जाता म्हणाली, "आत्या, काळ्या मसाल्याची मसुराची आमटी खावीशी वाटतीय." तेरा महिन्यांत पहिल्यांदा ही बाई काही मागत होती! जानकाबाईला आभाळ ठेंगणं झालं. खोबरं भाजलं, धणे भाजले, लवंग, मिरी... दगडफुलाची पुडी उघडली, तर रिकामी. खालच्या दुकानात ते मिळत नाही, मसाल्याचं दुकान चौदा किलोमीटरवर, एसटी गेलेली.

आणि तिला आठवलं. देवराईच्या कातळावर आहे की!

आता बघा ही बाई. जन्मात तिथली काटकी उचलली नाही. चपला काढल्या. हात जोडले. "आई, माझ्या लेकराच्या तोंडाला चव आलीया. हे एवढं घेते. पाप लागलं तर मला लाव, तिला नको." आणि उलथन्यानं कातळ खरवडला.

अनसूया ताटावर बसली. पहिला घास. डोळे मिटले. "काय वास हाय, आत्या!"

"ताजं दगडफूल हाय. कातळावरचं."

हात थांबला. "काय म्हणालात?"

"दगडफूल गं! तू बसतीस त्या कातळावरचं. तळहाताएवढं होतं."

"काय म्हणालात?"

सासूनं तिसऱ्यांदा सांगितलं, मोठ्यानं, ओठ फाकवून. बिचारीला वाटलं, ऐकू येत नाही. मंडळी, तिला पहिल्या वेळीच ओठांवरून कळलं होतं.

जन्मभर मसाल्यात कुटलेली वस्तू, काळी, वाळकी, पुडीतली. जिवंत असताना ती तिनं ओळखली नव्हती. जी तिची झालर, तेच सासूचं दगडफूल. दोन नावं, वस्तू एक! दोष कुणाचा सांगाल? मला तर सापडत नाही.

अनसूयेनं ताट पुसून खाल्लं. सासू समोर बसली होती ना, तोंडाकडं बघत.

आणि दुसऱ्या दिवसापासून गोळ्या बंद! आ केला, जीभ वर केली, सगळं दाखवलं. गोळ्या गालफडात, आणि मंदाताई वळल्या की चिंध्यांच्या पिशवीत. पहिल्या दिवशी नऊ. दुसऱ्या दिवशी नऊ. तिसऱ्या दिवशी नऊ. पैज तुटली होती. पैजेचा नियमच तो — हरला की उठायचं.

चौथ्या सकाळी, मंदाताई यायच्या आधी, पिशवीतल्या गोळ्या कनवटीला लावून ती कातळाकडं गेली. जिथं झालर होती तिथं उलथन्याचे पांढरे ओरखडे. ती मोजायला वाकली, आणि मोजणार काय? तोल गेला, तिथंच उताणी पडली. उठायचं बळ नाही. तर नजर कुठं गेली? वर.

वर जांभळीचं खोड होतं. खोडावर झालर. तिच्या वर झालर. फांदीवर, फांदीच्या पोटाशी, शेजारच्या हिरड्यावर — टिकलीएवढी, रुपयाएवढी, ताटाएवढी, राखी, पोपटी, एकीची चूण दुसरीत गुंतलेली. दवानं भिजून सगळं रान हिरवं! वर्षभर ही बाई मान खाली घालून चार इंचांत देव मोजत होती, मंडळी, आणि तो तिच्या डोक्यावर पसरून बसला होता. तिनं मोजायला सुरुवात केली. एकशे बारापर्यंत गेली, खोकला आला, मोजणी चुकली. तिनं चुकू दिली.

मागून जानकाबाई हाका मारत होती. ऐकू कुठलं येणार! शेवटी येऊन शेजारी बसली. सुनेला दिसेल असं तोंड पुढं करून म्हणाली, "वाघजाईची माफी मागायला आले हुते. तुझी बी मागते. तू झालर झालर म्हणायचीस ती हीच, हे तुला हितं पडलेली बघून आत्ता उमगलं; आधी मला काय ठावं..."

"आत्या, वर बघा."

"काय बघू? दगडफूल तर सगळीकडं असतंय."

"मला दिसलं नव्हतं."

मग तिनं कनवटीच्या गोळ्या सासूच्या ओंजळीत ओतल्या. सत्तावीस. म्हातारीनं मोजल्या, आणि तिचा चेहरा कातळासारखा झाला. "मी खरवडलं म्हणून?"

अनसूयेनं 'नाही' अशी मान हलवली. "मी एकाच जागी देव बांधला हुता म्हणून. मंदाताईला हाक मारा. मला वरडून हाक मारता येत न्हाई आता, किती जोरात वरडतीय ते कळत न्हाई."

मंदाताई आल्या. आधी तोंडाचा पट्टा सोडला! मग रडल्या. मग तालुक्याला फोन. डॉक्टर म्हणाले — तीन दिवसांचा खंड आहे, अहवाल स्वच्छ आहे, चालू ठेवा; आणखी एक दिवस बुडाला तर माझ्याकडं येऊ नका. अकरा महिने उरले होते. ती रोज घ्यायची. गोळी जिभेवर ठेवून वर बघायची, आणि गिळायची. कुठलंही माप घेतलं नाही. पैज संपली, त्या दिवसापासून जे सुरू झालं त्याला नाव तुम्ही द्या.

आता एसटी घाटातून वर येतेय. तेजू बसलीय तिच्यात, सहा वर्षांची. ती उतरेपर्यंत दोन शब्द तुमच्याशी.

तुमच्यापैकी कुणाच्या घरात दुखणं पडून आहे? हात वर करू नका, मला दिसतंय. रोज सकाळी त्याला विचारता ना — आज बरं वाटतंय का? आणि तो 'नाही' म्हणाला की तुमचं तोंड उतरतं, तो बघतो! अहो, कातळावर तीन सूत वाढायला वर्ष लागतं, आणि तुम्हाला उद्या पाहिजे! देवाला सांगता — एवढं दे, मग मानतो. त्यानं ते एवढंच काढून घेतलं तर? दुसऱ्या दिवशी गोळी गिळाल का? शेजारच्या झाडाकडं बघाल का? मला उत्तर देऊ नका. घरी जाऊन त्या खाटेशी बसा, आणि विचारायच्या ऐवजी त्याला धरून बाहेर न्या. काय दिसतंय ते त्याला सांगू दे.

पेटीवाले, सूर खाली घ्या. अजून खाली. पुढचं बोलून झालं की थाप नको, गजर नको.

चोवीस महिने आणि तीन दिवस पुरे झाले. अनसूया खोपीच्या दारात पाठमोरी बसून तेजूचा परकर शिवत होती, अंदाजानं, दोन वर्षांनी मोठा. मामा, जानकाबाई, मंदाताई मागं थांबले. पोरगी एकटी पुढं गेली. खोपीच्या मेरेवरून, कडेच्या बांधावरून, हाक मारली, "आई!" यंत्र चालूच. पोरीनं मामाकडं बघितलं. चार पावलं पुढं गेली. "आई!" यंत्र चालूच. मग ती अगदी पाठीशी गेली, आणि हळू, नेहमी बोलतात तशी म्हणाली, "आई."

चाक थांबलं.

मंदाताईंच्या कागदावर एक रकाना भरायचा राहिला होता — साधं बोलणं किती अंतरावरून ऐकू येतं. पोरीचं तोंड जिथं होतं तिथून आईच्या कानापर्यंत त्यांनी टेप धरली.

एकवीस इंच, तीन सूत.