रुमालाखालचा हात

तुमच्या या चहाची शपथ, यातलं अक्षरन् अक्षर खरं आहे. मी डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे डोळे मिटले होते, पण पाहिलं.

देवगाव रंगारीच्या अंगाला आमच्या जहागीरदारांनी सगळं रान विकायला काढलं होतं. गुरांचा कळप, कुरण आणि शिकारीचं जंगल, सगळं एकत्र. मी कारभारी. साहेबांनी बजावलं होतं, "आज सौदा मोडला, तर उद्या इथं दिसू नका."

गिऱ्हाईक होते शहागंजचे रहीमशेठ. बैलबाजाराच्या रिवाजानं आम्ही रुमालाखाली हातात हात घातले आणि बोटं दाबून भाव सुरू केला. भाव ठरायच्या आत ज्यानं हात काढला, त्यानं सौदा मोडला.

तिसरं बोट दाबलं आणि समोरच्या करवंदीच्या जाळीतून बिबट्या बाहेर आला.

शेठ पुटपुटले, "कारभारी, हात छोडो. बंदूक लेनी है."

"हात सुटला की सौदा मोडला, शेठ."

"अरे, खा जाएगा!"

"शिकारीचं रान पाहिजे होतं ना? मग एक बोट वाढवा, लवकर मिटवू."

बिबट्या दोन पावलं पुढं आला. शेठचा हात घामानं निसटत होता. मी आवळून धरला.

हसू नका. बरं, एवढंच बनवलेलं आहे: बोलणारे उलटे होते. हात सोडा म्हणून मी रडत होतो. मी हात हिसकून बाभळीवर चढलो, तरी खालून शेठ रुमाल हलवत ओरडत होते, "कारभारी, हात नक्को छोडो!"

नोकरी टिकली असती, तर तुमचा चहा कशाला प्यायलो असतो?