नानांसारखे नाना

(दोंडाईचा. नगरपालिकेच्या निवडणुकीचे दिवस. हितेंद्रच्या घराची गच्ची. नगराध्यक्षपदासाठी पुन्हा उभे राहिलेले अभिमन नाना, मोबाईलवर त्यांच्या नकलेचे व्हिडिओ टाकणारा हितेंद्र, आणि त्याची आई.)

हितेंद्र : ...म्हणून मी सकाळीच चित्रण करतो, नाना. बघा, ऊन आता समोरच्या काळ्या टाकीवर आहे. अजून त्याला ऊब नाही, नुसता रंग आहे. मग ते भिंतीवरून सावकाश उतरेल, दोरीवरच्या चादरीत थोडा वेळ थांबेल, आणि शेवटी आईच्या या पिंपांच्या कडांवर येऊन बसेल. त्या वेळी प्रत्येक वस्तू आहे तशीच दिसते. ते कोणाला मोठं करत नाही, कोणाला लहान करत नाही.

नाना : उन्हाचं राहू दे, भो. मला नानांसारखं बोलायला शिकव.

हितेंद्र : नाना तुम्हीच आहात.

नाना : ते लोकांना पटत नाही ना! काल सभेत माईक हातात घेतला, तर पुढची पोरं ओरडली, "नाना, ते म्हणा!" मी म्हटलं, "बठ्ठं व्हई जाई." कोणी हसलंच नाही. मागून एक म्हातारा म्हणतो, "मोबाईलमधला नाना भारी बोलस. हाऊ नही."

हितेंद्र : तो व्हिडिओ तुमच्या विरोधात होता, नाना.

नाना : विरोधात? मग टाळ्या कशाच्या पडतात?

हितेंद्र : ती थट्टा आहे. 'सगळं होऊन जाईल' म्हणत पाच वर्षं तुम्ही पाण्याचं नुसतं आश्वासन देत आलात, हे मला म्हणायचं होतं.

नाना : आमच्या पोरांनी तर तो प्रचाराच्या रिक्षावर लावलाय. तुला विचारायचं राहिलं, राग मानू नको.

हितेंद्र : प्रचाराच्या रिक्षावर?

नाना : लोक मागे पळतात रे! आधी गल्लीत शिरलो की बाया हंडे घेऊन आडव्या यायच्या. "पाणी कधी?" मी गल्लीच बदलायचो. आता त्याच बाया तोंडाला पदर लावून हसतात. पाण्याचं कोणी काढत नाही. तू माझ्या विरोधात आहेस का बाजूनं, मलाच समजेना झालंय.

हितेंद्र : मलाही नीट उमगत नाही. पण मी फक्त दिसलं तसं दाखवलं. शब्द तुमचे, लकब तुमची. त्यात माझं काहीच नाही.

नाना : "बठ्ठं व्हई जाई" मी कधी म्हटलं?

हितेंद्र : म्हटलं असेल कुठेतरी.

नाना : घरी विचारलं. बायको म्हणते, एवढं गोड तुम्ही कधी बोललात? आणि ते बोलण्याआधी उपरण्यानं कपाळ पुसणं? मला घामच येत नाही, भो.

हितेंद्र : तुमचंच असणार, नाना. दुसऱ्या कोणाचं असेल?

आई : चहा ल्या, नाना. अर्धाच कप शे. घरमा पानी नही.

नाना : बठ्ठं व्हई जाई, अक्का.

आई : अरे नाना, तसं नही! आधी कपाय पुसानं. मंग जरासं थांबानं. मंग हयूच म्हनानं.

हितेंद्र : आई...

नाना : थांब रे, शिकू दे. असं पुसायचं? आणि मग हळूच म्हणायचं?

आई : हां. आते थांबा. आते म्हना.

नाना : बठ्ठं... व्हई जाई.

आई : हा हा! जमनं, नाना, जमनं! अगदी मोबाईलमधलाच!

नाना : बघ, हितेंद्र! तुझ्यापेक्षा अक्का बरी. चला, येतो. सभेला उशीर होतोय.

हितेंद्र : गेले. चहासुद्धा तसाच राहिला.

आई : तू पी. साखर टाकेल शे.

हितेंद्र : आई, ऊन पिंपांवर आलं. तळापर्यंत कोरडी आहेत.

आई : कोरडीच शेतस ती.

हितेंद्र : मग त्यांना विचारलं का नाहीस?

आई : इचारनार व्हतू. चहा देता देता तेच काढनार व्हतू. मंग हासू उनं, नि ऱ्हाई गयं.

हितेंद्र : म्हणजे हसू आलं आणि पाणी राहून गेलं. मत कोणाला देणार?

आई : नानाले. बाकीना नुसता वरडतस. हाऊ हसाडस तरी.

हितेंद्र : नाना नाही हसवत, आई. मी हसवतो.