हेल्मुटकाकांची हक्काची मतं

रेणू : तू सांग त्यांना.

यतीन : मी का? चकल्या तू खायला घातल्यास.

रेणू : मग काय, दिवाळीत दारात आलेल्या माणसाला हाकलून देऊ? आणि छातीवर हात ठेवून "हेल्मुट, वुई आर विथ यू" कोण म्हणालं होतं?

यतीन : अगं, मनापासून म्हणालो! जर्मनीहून अमेरिकेत आलेला शेतकरी, इथे भोपळे पिकवतो, आणि या वयात सिटी कौन्सिलला उभा राहतोय. म्हणायला काय जातं यार?

रेणू : आख्ख्या कॉलनीनं हेच केलं. राजेशनं अंगणात बोर्ड लावले, प्रीतानं चिवड्याचा डबा दिला, शोभनाकाकूंनी तर औक्षण केलं! आता हेल्मुटकाका म्हणतायत, ही मतं माझी हक्काची, तळ्यापलीकडे प्रचाराला जायलाच नको.

यतीन : आणि इथे मत आहे कुणाला?

रेणू : कुणालाच नाही. सगळे व्हिसावर. शोभनाकाकू तर मुलाकडे फिरायला आल्यात.

यतीन : ईमेल टाकू का?

रेणू : मंगळवारी इलेक्शन आहे, यतीन! माणूस पडेल आपल्या आदरातिथ्यापायी. बघ, बेल वाजली. जा.

(दार उघडतं. यापुढचं बोलणं इंग्रजीत.)

हेल्मुट : गुड मॉर्निंग! फक्त थँक्यू म्हणायला आलो. बसणार नाही.

रेणू : असं कसं? थोडा चिवडा तरी?

यतीन : रेणू! हेल्मुट, एक प्रॉब्लेम आहे. छोटासा.

हेल्मुट : किती छोटा?

यतीन : आम्हाला मत देता येत नाही. आम्ही सिटिझन नाही.

हेल्मुट : ठीक. तुम्ही दोघं गेलात. बाकीचे?

यतीन : बाकीचेही नाहीत.

हेल्मुट : राजेश? त्याच्या अंगणात माझे दोन बोर्ड आहेत!

यतीन : व्हिसा.

हेल्मुट : आणि ती बाई, जिनं माझ्या तोंडासमोर आग फिरवली?

रेणू : टुरिस्ट.

हेल्मुट : दिवाळीपासून मी तुमच्याकडे खातोय! पट्टा सैल करावा लागला. आणि कुणी एक शब्द बोललं नाही?

रेणू : तुम्ही एवढ्या प्रेमानं आलात, तोंडावर कसं सांगणार? आणि तुम्ही विचारलंत, सपोर्ट आहे का. तो आहेच. मत आहे का, हे विचारलंच नाहीत.

हेल्मुट : बरोबर. नाही विचारलं.

यतीन : पण का? पहिला प्रश्न तोच असतो ना?

हेल्मुट : म्हणूनच. मलाही कित्येक वर्षं मत नव्हतं. उमेदवार शेताच्या फाटकापर्यंत यायचे, सिटिझन आहेस का विचारायचे, आणि तिथूनच गाडी वळवायचे. फार वाईट वाटायचं. तेव्हाच ठरवलं, मी कधी उभा राहिलो तर दारात हा प्रश्न विचारणार नाही.

यतीन : सॉरी, हेल्मुट.

हेल्मुट : नको. मूर्खपणा माझा. येतो मी. तळ्यापलीकडे खूप घरं आहेत, आणि तिथे मला कुत्रंसुद्धा ओळखत नाही.

रेणू : एकटे जाणार?

हेल्मुट : दुसरं आहे कोण?

रेणू : थांबा. मत नाही आम्हाला, पण तोंड आहे ना! यतीन, राजेशला फोन लाव. प्रीतालाही.

यतीन : शनिवारी सकाळी? काय सांगू?

रेणू : सांग, आपल्या माणसाचं इलेक्शन आहे.