रातव्यांचा कप्पा

हटवार काकू, प्राचार्य सर, आणि इथे जमलेले सगळे.

मला बोलायला सांगितलंय. काल काही ओळी लिहिल्या होत्या. त्या आता माझ्याच्यानं वाचवणार नाहीत. कामाचं तेवढं सांगते.

मी हटवार सरांची विद्यार्थिनी. आता पक्ष्यांच्या डीएनएवर काम करते. सर गेले त्या आठवड्यात आम्ही दोघं कॉलेजच्या संग्रहातले रातवे हलवत होतो.

रातवा तुम्ही पाहिलाय. अंधार पडला की कारध्याच्या रस्त्यावर बसलेला असतो, गाडीच्या उजेडात डोळे चमकतात. मऊ पिसं, मोठे डोळे, रात्रीचं उडणं. म्हणून जुन्या वर्गीकरणात तो घुबडांशेजारी. सरांनीही आयुष्यभर तसंच शिकवलं. कापूस भरून जतन केलेले रातवे घुबडांच्या कपाटात ठेवले.

डीएनए वेगळं सांगतो. रातवा जवळचा आहे पाकोळीला, भर उन्हात उडणाऱ्या. घुबड लांबचं. दोघांना रात्र एकच मिळाली, म्हणून रूप सारखं झालं.

हे सांगितलं तेव्हा सर म्हणाले, "काहून वं, म्हातारपणी माही सोयरीक मोडून राहिली का?" मग त्यांनी घुबडाची नखं पाहिली. रातव्याचे इवलेसे पाय पाहिले. पाकोळीचे पाहिले. बराच वेळ पाहिले. म्हणाले, "चाल, उचल कप्पा. चुकीच्या घरी कायले ठेवाचं त्यायले?"

रातवे पाकोळ्यांच्या कपाटात हलवायचं काम जवळजवळ झालं होतं.

सर गेले, आणि प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या रमेशभाऊंनी सगळे रातवे परत घुबडांजवळ नेले. मला म्हणाले, "ताई, सरायनं जसं ठेवलं होतं तसंच करून देलं. आता कोणाले हात नाही लावू देत." त्यांचे डोळे सुजले होते.

आज ठराव येतोय. सरांच्या हातचा संग्रह आहे तसा कुलूपबंद ठेवायचा. प्राचार्य सर, तो आता सरांच्या हातचा नाही. त्यांचं शेवटचं काम आपण उलटवलंय. प्रेमानं, पण उलटवलंय. कुलूप लावलं तर सर कायमचे चुकलेले राहतील. त्यांनी चूक पाहिली होती. मान्य केली होती. ते कुठे दिसणार?

सकाळी काकूंना विचारलं, रातवे परत पाकोळ्यांकडे नेऊ का? त्या म्हणाल्या, "ने वं बाई. हट्टी नोहोते ते. घर सोडून."

आता आपण थोडा वेळ शांत उभे राहू.

त्यानंतर, रमेशभाऊ, कप्पा जड आहे. एक बाजू तुम्ही धरा.