गाडी हलकी आहे ना, साहेब!

नाही नाही, खुर्ची नको, मी उभाच बरा... आणि एवढी कृपा करा, तो प्रश्न विचारू नका! सगळे विचारतात. शेजारी विचारतात, गिऱ्हाइकं विचारतात, परवा पोस्टमननं विचारलं, "पण साहेब, गाडी चांगली चालत होती ना?" होती! चालत होती! उत्तम चालत होती! म्हणून तर गॅरेजला नेली!

हसताय काय? बंद पडलेली गाडी माणूस ढकलत नेतो, दुरुस्त करून आणतो, विषय संपतो. चालत्या गाडीत सुधारणा करायला निघालात की विषय संपत नाही, तुम्ही संपता!

तुम्हाला सांगतो, माझा धंदा दात बनवायचा. कवळ्या हो, कवळ्या! दंतवैद्य मापं पाठवतात, मी बसून घडवतो, केसाएवढा फरक राहिला तर समोरच्याला घास चावता येत नाही, त्यामुळे बारीक बघायची सवय... सवय कसली, खोड! आणि अशा माणसानं बावन्नाव्या वर्षी गाडी कुठली घ्यावी? जुनी, दोनच सीटची स्पोर्ट्स कार. कापडी छप्पर, बुटकी, आणि वजन म्हणाल तर नाहीच. शेजारून ट्रक गेला की बिचारी अंग चोरून कडेला होते! आमची ही फिजिओथेरपिस्ट आहे, दिवसभर लोकांच्या कंबरा सरळ करते. तिनं गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "अहो, ही गाडी आहे की चप्पल?" पण बसली हो! बसली, छप्पर मागे टाकलं, केस उडाले, आणि एकदम लग्नाआधी हसायची तशी हसली. म्हणाली, "घाटातून ताईकडे जाऊया. असंच, उघड्यानं. आपण दोघंच." ताई म्हणजे तिची थोरली बहीण, घाटापलीकडे राहते. मी ऐटीत म्हटलं, "पुढच्या रविवारी!"

इथे चुकलो. त्याच रविवारी निघायला पाहिजे होतं.

कारण मधल्या आठवड्यात मला जाणवलं की गाडी वळणावर जरा कलते. जरा! दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं, पण मी पडलो दातवाला! गेलो गॅरेजला. गॅरेजवाल्याला सगळे मास्तर म्हणतात, कारण त्याला काही विचारलं की उत्तर मिळत नाही, तास होतो. मास्तरांनी बंपरवर एक हात ठेवला, गाडी खाली दाबली, सोडली, डोळे मिटून ऐकली. मग निकाल दिला. "सस्पेन्शन बदलायचं. स्प्रिंगा, शॉकॲब्सॉर्बर, रबरी बुश, सगळं. आणि दोन बोटं खाली बसवायची."

"एवढं सगळं? नुसती जरा कलते हो..."

"गाडी हलकी आहे ना, साहेब!"

आता यावर काय बोलणार? आहे हलकी. कबूल! पण तुम्हाला सांगतो, हे वाक्य म्हणजे हातोडा आहे, कुठेही मारा, लागतंच. सामान यायला वेळ का? गाडी हलकी आहे, तिचं सामान वेगळं. आलेलं सामान परत का पाठवलं? जड गाडीचं आलं. रविवार गेला, दुसरा गेला, तिसरा गेला... आणि एकदाची गाडी हातात आली.

अहाहा! काय वळत होती! चौकात वळवली तर चौक मागे राहिला, मी पुढे! पण सरळ रस्त्यावर? सरळ रस्त्यावर, तुम्हाला सांगतो, झेब्रा क्रॉसिंगच्या पट्ट्यांवरून गेलो ना, तर कुठल्या पट्ट्याला रंगाचा एक हात दिलाय आणि कुठल्याला दोन, ते मला बसल्या जागी कळायचं! तिसऱ्या दिवशी माझ्या स्वतःच्या दाढेतलं सिमेंट निखळलं. गेलो दंतवैद्याकडे, म्हणजे माझ्याच गिऱ्हाइकाकडे, तो विचारतो, "काय चावलंत?" काय सांगू? रस्ता चावला!

घरी हिनं पाठीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "अहो, दणके त्या स्प्रिंगांनी खायचे असतात. तुमच्या गाडीत ते काम तुमचा मणका करतोय." मी म्हटलं, "सवय होईल." मग म्हणाली, "ताईकडे कधी जायचं?" मी म्हटलं, "पुढच्या रविवारी! नक्की!"

आणि शुक्रवारी गोल चौकाला वळसा घालताना तेलाचा दिवा लागला. लाल! क्षणभर लागला आणि गेला. मी परत वळसा घातला. परत लागला. अकरा वळसे घातले, अकरा वेळा लागला, बाराव्याला ट्रॅफिक हवालदारानं थांबवून विचारलं, "साहेब, घर सापडत नाहीये का?"

मास्तरांना सांगितलं तर काय आनंद झाला त्यांना! "लागला? वा! म्हणजे सस्पेन्शनचं काम उत्तम झालंय!" मी म्हटलं, दिवा लागला हो, तेलाचा! "तेच सांगतोय! आधी वळणावर गाडी घसरायची, तेल जागेवर असायचं. आता गाडी रस्ता धरून ठेवते, तेल पळतं एका बाजूला, पंपाच्या तोंडी येतो वारा, इंजिन कोरडं! हे बघा..." आणि माझ्या हातातला चहाचा कप घेऊन त्यांनी तो वळण घेतल्यासारखा सर्रकन फिरवला. चहा कुठे गेला असेल? माझ्या पँटवर. "बघितलंत? अस्संच होतं!" बघितलं! भाजलंसुद्धा!

म्हणजे चूक कुणाची? कुणाचीच नाही. आजार सुधारणेचा होता! तेव्हा आता तेलाचं चेंबर बदला, आत पत्र्याच्या आडभिंती घाला, त्या भिंतींना एकाच बाजूला उघडणारी दारं लावा, तेल जास्त मावायला चेंबर मोठं करा, जास्त तेल गार राहायला पुढे कूलर बसवा, कूलरपर्यंत नळ्या न्या... मी म्हटलं, मास्तर, माझ्या राहत्या घराला एवढ्या भिंती आणि दारं नाहीत! तर म्हणे, "गाडी हलकी आहे ना, साहेब!"

झालं काम. पण मोठं चेंबर, कूलर, नळ्या, वरचं तेल... गाडी जड झाली! मास्तरांचं तोंड असं उतरलं, जणू घरात कुणी नापास झालंय. मग वजन कमी करणं आलं. स्टेपनी काढली. खालचा गालिचा काढला. आणि एके दिवशी गॅरेजला गेलो तर माझ्या हातात दिली... शेजारची सीट! "साहेब, तसे तुम्ही एकटेच चालवता ना?"

आणि मी, तुम्हाला खरं सांगतो, मी मान डोलावली. मला पटलं! काय झालं होतं मला कुणास ठाऊक.

रिक्षानं सीट घरी आणली. दार हिनं उघडलं. मी सीट कवटाळून उभा. हिनं सीटच्या पाठीवरून एकदा हात फिरवला. मग अगदी हळू म्हणाली, "ही माझी जागा ना?"

मी म्हटलं, "अगं, गाडी हलकी..."

"मला ताईनं विचारायचंसुद्धा बंद केलंय," ती म्हणाली, "कधी येताय म्हणून." आणि आत गेली.

बघा, ओरडली असती तर मी उलट ओरडलो असतो, हिशोब मिटला असता. पण ही ओरडली नाही. सीट हॉलमध्ये ठेवली, चार दिवस आम्ही तिच्या दोन बाजूंनी ये-जा केली.

त्यात आणखी एक भर! आमच्या फाटकापुढे गतिरोधक आहे. गाडी दोन बोटं खाली आलेली, चेंबर दोन बोटं खाली लोंबणारं... पोटाखालून जो आवाज आला ना, माझ्याच पोटातून आल्यासारखा वाटला! परत मास्तर. "उचलावी लागेल." किती? "दोन बोटं." त्यांनी उचलली. मी खिशातून दात मोजायचं कॅलिपर काढलं आणि मोजलं. तुम्हाला सांगतो, नेली होती त्या दिवशीची उंची आणि ही उंची... केसाचा फरक नाही! पाच महिने! मी म्हटलं, "मास्तर, मग आपण मिळवलं काय?" तर मास्तरांनी आधी फडक्याला हात पुसले. मग म्हणाले, "अनुभव."

दुसऱ्या दिवशी ही स्वतः गॅरेजला गेली. सीट घेऊन. मी मागे मागे. हिनं सीट टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "ही बसवा."

मास्तरांनी घसा साफ केला. "त्याचं काय आहे ताई, गाडी हलकी..."

"गाडी हलकी असेल. मी नाही. रविवारी मी हिच्यात बसणार आहे."

"हो ताई."

हो ताई! पाच महिन्यांत मला कधी नुसतं "हो" आलं नाही त्या माणसाकडून! पाऊण तासात सीट बसली, गालिचा बसला, स्टेपनी आली, वर हिच्यासाठी शॉकॲब्सॉर्बर मऊ करून दिले. मऊ करता येत होते! वरती एक खुंटी होती, नुसती उलटी फिरवायची! मला का नाही सांगितलं? "तुम्ही विचारलंच नाही, साहेब."

आणि उजाडला रविवार. छप्पर उघडं, बॅग भरलेली, ही तयार. मी म्हटलं, निघण्याआधी एकदा तेल बघून घेऊ. बॉनेट उघडलं, वाकलो... आणि तसाच राहिलो. कट्! कंबर धरली. ना वर, ना खाली! हिनं येऊन दोन ठिकाणी दाबलं, मी दोनदा ओरडलो. "सहा आठवडे या गाडीत बसायचं नाही," म्हणाली, "हिच्यात उतरायचं म्हणजे विहिरीत उतरणं आहे."

"मग ताईकडे?"

तिनं माझ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, किल्ली माझ्या हातातून काढून घेतली. माझ्या सीटवर... म्हणजे आता तिच्या सीटवर ती बसली, शेजारी बॅग ठेवली, बॅगेला पट्टा बांधला. "तुम्ही बसनं या. ताठ बसा."

तर मी बसमध्ये. ड्रायव्हरच्या मागची सीट, ताठ. घाटाच्या तिसऱ्या वळणावर मागून हॉर्न आला, आणि आमची गाडी, तुम्हाला काय सांगू, रस्ता अशी धरून, जराही न कलता, सुईतून दोरा जावा तशी शेजारून निघून गेली. हिचे केस उडत होते. हसत होती. माझ्याकडे बघून नव्हे हो, रस्त्याकडे बघून! मी फोन केला, तिनं वर पोचल्यावर उचलला. विचारलं, "तेलाचा दिवा लागला का?" म्हणाली, "कुठला दिवा?"

आणि ती बस! खुळखुळा नुसता! एक खिडकी दोरीनं बांधलेली, मागून कण्हल्यासारखा आवाज, वळणावर अशी झुकायची की पलीकडचा प्रवासी माझ्या मांडीवर! शेवटी न राहवून मी ड्रायव्हरला विचारलं, "दादा, हिचं तेल कधी बदलता?"

तो म्हणाला, "बदलायचं कशाला? वरून ओततो, खालून गळतं. ताजंच असतं नेहमी."

बस वेळेवर पोचली.