यंदा घरपट्टीचं भांडण आलं नाही

— फोन नको लावूस अजून. ठेव तो खाली, ठेव. नियम आहे, माहीत आहे मला, व्हिजिटर आला की आधी वर विचारायचं, त्यांनी हो म्हटलं की मग लिफ्ट. विचार की. पण जरा दमाने विचार. शारजातून आलोय बाबा — तिथून अबुधाबीची बस, बसमधून उतरून या तुमच्या अल रीमपर्यंत टॅक्सी, पस्तीस दिरहॅम घेतले त्याने, म्हणजे आठशेच्या वर रुपये झाले की रे, तेवढ्यात मी दापोलीहून आमच्या मोहल्ल्यापर्यंत रिक्षा केली असती आणि रिक्षावाल्याला घरी जेवू घातलं असतं. हे घे कार्ड, लिहून घे. हारुन. पुढचं तूच वाच, मला वाचता येत नाही. एकोणीसशे चार नंबरच्या फ्लॅटमध्ये जायचंय, गनीकडे — माझा धाकटा भाऊ, सख्खा. फ्लॅट त्याच्या मुलीचा, तहसीनचा, इंजिनियर आहे ती. तू मराठी निघालास हे बरं झालं, नाहीतर मघापासून मी हिंदीत घसरत होतो. सतीश म्हणालास ना? कराडचा. मग तुला घरपट्टी म्हणजे काय ते सांगायला नको. — सांगायला हवं? गावी थोरला भाऊ भरतो, तू कधी बघितलीच नाहीस? मग बसतोच मी या सोफ्यावर.

मी कामाने आलोय, उगाच नाही. घर एक, भाऊ दोन, घरपट्टी एक, असं ते काम आहे. आमचं घर खाडीच्या काठाला, जांभ्याच्या भिंती, वर कौलं. दर चार वर्षांनी पंचायतीची माणसं टेप घेऊन येतात. भिंत कसली विचारतात — मातीची, दगडाची का सिमेंटची. वर कौलं का स्लॅब. घर किती जुनं, आत राहता का दुकान घातलंय. सगळं धरून आकारणी करतात आणि यादी पंचायतीत लावतात, ज्याला पटलं नाही त्याने मुदतीत हरकत घ्यायची. घराच्या करात मग दिवाबत्ती आली, आरोग्य आलं — दिवाबत्ती म्हणजे नाक्यावरचा तो बल्ब, लागो न लागो. घर जुनं होत जाईल तशी करात सूट मिळते. घराला मिळते हं, माणसाला नाही, मी विचारून झालंय. तर मागच्या मोजणीला त्यांनी काय केलं, आमचा गोठा राहती खोली म्हणून धरला. का, तर आत पंखा होता. पंखा गनीने लावलेला, अम्मा होती तेव्हा, म्हशीला उकडतं म्हणून. म्हैस गेली, पंखा राहिला. पंख्याखाली राहणार कोण, माणूसच, असं त्यांनी ठरवून टाकलं. गनी इथून विमानाने गेला हरकत घ्यायला. खास त्यासाठी. ग्रामसेवकाच्या हाताला धरून गोठ्यात नेलं, दावणीपाशी उभं केलं आणि म्हणाला, साहेब, इथे खाट टाकून झोपून दाखवा. झाला मग खोलीचा परत गोठा. कर किती उतरला म्हणशील, तर विमानतळावर त्याने जो चहा घेतला तोसुद्धा त्यातून निघाला नाही. पण तेव्हापासून तो असा चालतो, छाती काढून — पाहिलं असशील तू.

हसतोस काय? पुढे तर ऐक. अब्बा गेले, मग वारसांची नोंद झाली, पंचायतीच्या उताऱ्यावर आमची दोघांची नावं लागली. तिथपर्यंत ठीक. पण गनीच्या डोक्यात बसलं, आणि खरं सांगतो माझ्याही डोक्यात बसलं, की पावती ज्याच्या हातात घर त्याचं. ग्रामसेवक सांगून सांगून थकला. अरे बाबांनो, म्हणाला, ही कराची पावती आहे, मालकीचा कागद नाही, कुणीही भरा, घर तुम्हा दोघांचंच राहणार. आम्ही मान डोलवली, बाहेर आलो, आणि दुसऱ्या वर्षीपासून शर्यत सुरू. लोक घरपट्टी चुकवतात बघ, पंचायतीचा शिपाई दिसला की मागच्या दाराने जातात. आमच्यात कोण आधी भरतो यावरून मारामारी. गावात आमची चुलत बहीण आहे, रशीदा, शेजारचंच घर. एप्रिल लागला की दोघांचे फोन तिला. ज्याचा फोन आधी लागेल त्याच्या नावाने ती पंचायतीत भरून यायची. फार इमानी बाई, पण मजा बघणारी. मला सांगायची, गनीने आत्ताच फोन ठेवला बघ, जरासाच चुकलास. एका वर्षी तर दोघांनी भरली. गनीने रशीदाकडून, मी परस्पर शिपायाकडून. साहेबाने दुसरे पैसे पुढच्या वर्षात जमा धरले. मग पुढच्या वर्षी काही भरायचंच नव्हतं, तर त्यावरून भांडलो — पुढचं वर्ष कुणाच्या नावावर धरायचं.

नाही, थांब, फोन नको. सांगतोय ना.

भांडण म्हणजे कसं, त्याला रिवाज आहे. जो हरला त्याने फोन करायचा. जिंकलेल्याने करायचा नाही, ते बरं दिसत नाही. मी हरलो की मी फोन लावायचा, गनीला चोरटा म्हणायचं, अब्बांच्या आजारपणात कोण जागलं ते काढायचं, शारजात रोल्याच्या आमच्या खोलीत माझी चादर कुणी जाळली ते काढायचं. तो हरला की त्याने लावायचा. मी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात कंपनीच्या मेसमध्ये स्वयंपाकी होतो, हातात डाव आणि खांद्यावर फोन, शंभर माणसांची डाळ करपायची पण फोन खाली ठेवायचो नाही. तासतासभर. आता डोळे मिचकावू नकोस, दोन म्हातारे, आमच्याशी कोण बोलायला बसलंय. शिव्या संपल्या की मग तो विचारायचा, साखर किती आली रे तुझी. मी विचारायचो, गुडघा कसा आहे. मग परत एक शिवी घालून ठेवायचा.

एरवी? एरवी नाही करत फोन. कशाला करायचा? त्याने करावा, तो धाकटा. तो म्हणत असणार, थोरल्याने करावा. दोघं शारजात होतो तोवर एका खोलीत राहिलो, वर-खाली पलंग, तो वर. मग त्याची तहसीन शिकली, नोकरीला लागली, त्याला इकडे समुद्र दिसणाऱ्या घरात घेऊन आली. चांगलं झालं. मी काही म्हणत नाही. आलो नाही एवढंच. त्यानेही ये म्हणून नाही म्हटलं — म्हणजे म्हटलं असेल, पण शिव्यांमध्ये म्हटलं तर कसं कळणार.

तर यंदा. माझी नात आहे हिबा, अबुजरची, माझ्या मुलाची मुलगी, कॉलेजात जाते. मी मराठीत बोलायचं, तिने इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचं, असं आमचं चालतं, दोघांनाही थोडं थोडं कळतं. तिने गावच्या ग्रुपवर पाहिलं, पंचायतीने आता क्यूआर काढलाय. नाश्त्याला बसलो होतो, एप्रिलची पहिलीच सकाळ. मी म्हटलं, जरा फोन दे, रशीदाला लावतो. ती म्हणाली, डन, दादा. मी म्हटलं, काय डन? तर भरलीसुद्धा. बुर्जी अजून गरम होती. मला वाटलं चेष्टा करते. तर पावती फोनमध्ये, माझ्या नावाची, शिक्क्यासकट, आणि ती गावच्या ग्रुपवर टाकूनही झालेली. तिला वाटलं मी खूश होईन. झालो की, तिच्यासमोर झालो. मनात म्हटलं, आता बघ गनी कसा उसळतो. फोन उशाशी घेऊन झोपलो, चार्ज करून.

नाही आला.

दुसऱ्या दिवशी नाही आला. म्हटलं रागावलाय, रागाला वेळ देतोय. एप्रिल गेला. उन्हाळा गेला. आता तर बाहेर बसता येईल अशी हवा झाली, तरी नाही. रशीदा म्हणते, मला काय विचारतोस, आता तुमचं सगळं फोनमध्ये, मला कोण विचारतं. तीही रुसली. अबुजर म्हणतो, बाबा, काका मजेत आहेत, तहसीनच्या स्टेटसला पाहिलं. स्टेटसमध्ये माणूस खोकलेला दिसतो का, सांग मला. आणि मी तर फोन करू शकत नाही, मी जिंकलोय. असं अडकलो बघ. मग आज सकाळी अबुजर कामाला गेला आणि मी निघालो. म्हटलं घरपट्टीचं नीट बोलून घ्यावं, पुढच्या वर्षीपासून एक वर्ष तू, एक वर्ष मी — ते काम आहे. ते नाही काम. तुला कशाला खोटं सांगू. शिव्या खायला आलोय. आवाज ऐकायचाय त्याचा.

तू पाहतोस ना त्याला येताजाता? येतो का खाली? — संध्याकाळी, याच सोफ्यावर? मी जिथे बसलोय तिथे? बोलतो का तुझ्याशी? — हो, बोलणारच, ऐकणारा मिळाला की झालं. काय बोलतो? — गोठा? दावण, ग्रामसेवक, खाट, सगळं? अरे हलकटा, तुला सगळी गोष्ट आधीच माहीत होती आणि मघापासून माझ्याकडून ऐकून घेतलीस. माझी जास्त चांगली होती का त्याची? — जाऊ दे, सांगू नकोस. आणि माझ्याबद्दल?

सांग ना. वाईट वाटणार नाही मला.

— काठी टेकत येतो? काठी कधीपासून? — एप्रिलमध्ये. गुडघ्याचं ऑपरेशन. दोन्ही? आणि मला कुणी... तहसीन म्हणाली असेल, ताऊला, म्हणजे मला, कशाला काळजी. मुलं अशीच, आपल्याला काचेत ठेवतात. म्हणजे तो हॉस्पिटलच्या खाटेवर, पाय बांधलेले, आणि इकडे आमची पोरगी बुर्जी खाता खाता घरपट्टी भरून मोकळी. काय वाटलं असेल त्याला. याने यंदा माझी वाटसुद्धा पाहिली नाही, असंच ना? — तसंच म्हणाला? याच शब्दांत?

... पाणी आहे का रे? नको, राहू दे. ठीक आहे मी.

लाव आता फोन. लाव, यल्ला. पण माझं नाव घ्यायचं नाही. ऐक, असं सांग — खाली पंचायतीचा माणूस आलाय. हो हो, इथेच, अल रीमला. म्हणतो घरपट्टी थकली आहे, गोठा पुन्हा खोली म्हणून धरणार आहे. अरे तुझी नोकरी नाही जाणार, मी आहे ना, म्हातारा होता, ऐकेना, असं सांग तुझ्या साहेबाला. वाजतोय? कोणी उचलला, तहसीनने का त्याने? त्याने. बोल. तसंच बोल, मघाशी मी म्हटलं तसं. हसू नकोस मध्येच.

काय म्हणतो? — कुठली थकली? — आणि? — "माझा चोरटा भाऊ एक तारखेलाच भरून बसलाय"? चोरटा म्हणाला? नक्की चोरटाच म्हणाला ना, दुसरं काही नाही? — आता काय म्हणतो, केवढ्याने ओरडतोय, इथपर्यंत येतंय — "गोठ्याला हात लावून तर दाखव म्हणावं"? — काठी कुठे आहे विचारतोय? खाली येतोय? तो? एकटा? अरे त्याला म्हणावं सावकाश, लिफ्टच्या फटीत काठी अडकते — नको, नको, तू काही सांगू नकोस. फोन ठेवू पण नकोस. इकडे कर तो जरा, माझ्या कानाशी.

शू. बोलू नकोस आता.