खुर्ची रिकामी होती

नाही हो, खालचं नाही, वरचं. खालचं उघडंच आहे, त्याची किल्ली माझ्या खिशात आहे, ही बघा — पण वरचं खटक्याचं, दार ओढलं की आपोआप लागतं, आणि त्याची किल्ली बायकोकडे. हो, एकच. दुसरी केलेलीच नाही. — विसरलो नाही भाऊ, मुद्दाम नाही केली. तुम्ही तुमचं चालू द्या, मी आपला बोलतो, माझं मनावर घेऊ नका. काम चालू असताना शेजारी कुणी गप्प उभं राहिलं की माणसाला दडपण येतं. — येत नाही? मला येतं.

पूर्वी एकच कुलूप होतं, दोघांकडे एकेक किल्ली, सगळ्यांचं असतं तसं. एक दिवस मला वाटलं हिने लावलं, हिला वाटलं मी लावलं, आणि दार दिवसभर सताड उघडं. चोर नाही आला, मांजर आलं. सोफ्यावर पिल्लं घालून मोकळं. तेव्हा मी म्हटलं, हे शास्त्रशुद्ध व्हायला हवं — दोन कुलपं, ज्याचं त्याने लावायचं, ज्याचं त्याने उघडायचं, म्हणजे गोंधळ नाही. — हां. बरोबर पकडलंत. आत शिरायला दोघं लागतात. तीन वर्षं झाली, जो आधी येतो तो या पायरीवर बसतो. समोरच्या काकू पहिल्या वर्षी पाणी द्यायच्या, आता नुसत्या मान हलवतात. पण हिची काही तक्रार नाही हं — ही म्हणते, तेवढाच वेळ तुझ्यासमोर कॉम्प्युटर नसतो.

मी काय करतो? आता कसं सांगू — तुम्ही लॉक उघडता, मी लॉक लावतो. तसे आपण एकाच धंद्यातले. कॉम्प्युटरच्या पोटात एक कारभारी असतो, त्याला कर्नल म्हणतात, आणि कुणाला मेमरीतली कुठली जागा द्यायची, कुणाकडून परत घ्यायची, हे तो बघतो. आणि तो नीट बघतोय ना, हे मी बघतो. तीस वर्षं. — कळलं नाही? बरं, लॉज समजा. एक फळा, त्यावर खोल्या, आणि गल्ल्यावर दोन कारकून. पहिला बघतो, सात नंबर रिकामी. दुसरा बघतो, सात नंबर रिकामी. दोघेही खरंच बोलतायत, दोघेही प्रामाणिक, आणि पाच मिनिटांनी एका पलंगावर दोन अनोळखी माणसं एकच पांघरूण ओढतायत. याला रेस कंडिशन म्हणतात. रेस म्हणजे शर्यत — जिंकत कुणीच नाही, पांघरूण तेवढं फाटतं. उपाय अगदी सोपा आहे. फळा बघायचा असेल तर आधी तो हातात धरायचा, आणि नाव लिहून होईपर्यंत सोडायचा नाही. बघणं आणि देणं, या दोन्हींच्या मध्ये फट ठेवायची नाही. बस्स. एवढंच सांगत तीस वर्षं पगार घेतोय.

घरीही हेच. न्हाणीघराला लाकडी बिल्ला केलाय, बिल्ला हातात असेल त्यानेच आत जायचं. मेहुणा राहायला आला की दाराशी उभा राहून दर दोन सेकंदांनी विचारतो, झालं का, झालं का — त्यालाही आमच्यात नाव आहे, स्पिनलॉक. स्वतःही काही करत नाही, दुसऱ्यालाही करू देत नाही. मी त्याला तसं म्हणालो तर रुसला.

ते वाकडं टोक घालून बघा ना. — बरं बरं, तुम्हाला जास्त कळतं.

बायको वडिलांकडे गेलीये. सहज. म्हणजे सहज असं नाही, वडील इथेच होते, त्यांना घेऊन गेली. सकाळी आले होते सासरे, बसले होते खिडकीपाशी, लाकडी खुर्चीत. चष्मा राहिला म्हणून उठले. तेवढ्यात माझा दिवा गेला, मला चढायला काहीतरी हवं होतं, मी विचारलं — विचारलं हं मी, रीतसर — ही खुर्ची रिकामी आहे का? ही स्वयंपाकघरातून म्हणाली, दिसत नाही का, रिकामीच आहे. आणि होती. त्या क्षणाला होती. मी उचलली. सासरे चष्मा लावून आले आणि बसले. न बघता. कोण बघतं हो, माणूस खुर्चीतून उठला की त्याच्या डोक्यात खुर्चीचा पत्ता राहतोच. लॉजमधला पाहुणा अंघोळीला गेला आणि कारकुनाने खोली दुसऱ्याला दिली, तर तो टॉवेलवर येऊन सरळ त्याच पलंगात शिरणार, जुन्याच पत्त्यावर. त्याचा काय दोष?

नाही, फार नाही लागलं. कंबर. — म्हणजे लागलं. धप्पकन आवाज आला.

आता तुम्ही म्हणाल, चुकून झालं, त्यात एवढं काय, बायको समजून घेईल. ते तिने घेतलंच असतं. पडण्याबद्दल ती काहीच म्हणाली नाही. ते त्यानंतर मी जे — तुम्ही फिरवा ना ते, थांबलात का? — त्याचं असं आहे की तीन आठवडे मी एक बग, म्हणजे त्या कारभाऱ्याची एक चूक, शोधत होतो. कुठेतरी जागा काढून घेतली जात होती, आणि कुणीतरी जुन्याच पत्त्यावर जाऊन बसत होतं, आणि सगळं कोसळत होतं. पण कुठे, ते सापडेना. जेवण जाईना. आणि सासरे जमिनीवर उताणे, चष्मा कपाळावर, एक पाय टीपॉयवर — आणि मला दिसलं. लख्ख दिसलं. उठलेला माणूस परत येणार आहे, हे कुणी मोजतच नव्हतं. मी टाळी वाजवली. म्हणालो, वा बाबा, सापडला.

आणि गेलो आत. लिहायला. विसरायच्या आधी लिहायला हवं होतं ना. — चाळीस मिनिटं. — हो, त्यांना न उचलता. तुम्ही असं बघू नका भाऊ, मला कळतंय. बाहेर आलो तर घर रिकामं. दार ओढून घेतलं, तसाच पळत खाली गेलो, रस्त्यावर कुणी नाही. फोन आत.

तुम्हाला? काकूंच्या फोनवरून लावला. — हो, तिला लावता आला असता. पाठ आहे नंबर, पाठ कसा नसेल. पण कसं आहे, ती म्हणत असेल आधी याने बोलावं, आणि मी म्हणतोय आधी तिने एकदा रागावून घ्यावं, म्हणजे मला काय बोलायचं ते कळेल. दोघं एकमेकांसाठी थांबलेले. याला डेडलॉक म्हणतात, यावर मी भाषण दिलंय एकदा, पुढच्या रांगेत ही बसली होती. — काय बोलणार मी? बग सापडला म्हणून सांगू? आणि किल्ली घेऊन गेलीये ती. जी एरवी भाजी आणायला जातानाही खुंटीवर विसरते, ती आज आठवणीने घेऊन गेली. याचा अर्थ मला चांगला कळतो हो. मी वेडा आहे, मूर्ख नाही.

कोण पाहिजे? — हो, हेच घर. — कुलूप उघडायला? अहो, हे काय बसलेत इथे, एका दाराला किती जण — कुणी पाठवलं म्हणालात? — बाईंनी?

थांबा. तुम्ही दोघंही जरा थांबा, हत्यारं वाजवू नका. परत सांगा. काकूंनी कळवलं त्यांना, मी बाहेर अडकलोय म्हणून? मग काय म्हणाल्या? किल्ली आतच राहिली? खुंटीवर? म्हणजे नेलीच नाही. म्हणजे तिला — पुन्हा सांगा हो, नीट — दार उघडून ठेवा, वडिलांना दाखवून लगेच येतेय? लगेच म्हणाल्या? असंच म्हणाल्या? आणि दारात एक माणूस असेल, तो खूप बोलेल, लक्ष देऊ नका. हां. तीच ती.

कुठला दवाखाना? नाव सांगितलं? — चौकातला, हाडांचा. बरं. सरका. — अहो, मला काय विचारता कुणी उघडायचं, एक कुलूप आणि तुम्ही दोघं, तुमचं तुम्ही ठरवा. याने उघडावं, त्याने उघडावं, नाहीतर दोघं मिळून दार मोडा. मी मध्ये पडत नाही. सरका हो, बाबांना जिना चढवायला कुणीतरी धरायला हवंय.